कारभाऱ्याची किल्ली हरवली तर?

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते आणि खंडेश्वराच्या जुन्या हेमाडपंती देवळासाठी ते ओळखले जाते. समजा, या गावातल्या एका घरात एक संगणक आहे. मोठ्या भावाने तो आणला, त्यानेच तो सुरू करून दिला आणि मग नोकरीसाठी तो पुण्याला गेला. शेतीचा पाच वर्षांचा हिशेब, सोयाबीन विकल्याच्या पावत्या, धाकट्या बहिणीचे शिष्यवृत्तीचे कागद आणि आता हयात नसलेल्या आजीचे सगळे फोटो त्या एका संगणकात आहेत. रोज चार आकड्यांचा पिन टाकला की तो उघडत असे. एके दिवशी मात्र त्याने पिन घेतला नाही. त्याला पासवर्ड हवा होता. तो कोणालाच आठवेना. पुण्याला फोन लावला, तर मोठ्या भावालाही आठवेना!

वडिलांनी संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो सुरू करून पाहिला आणि सांगितले, "काकाजी, फॉरमॅट मारा लागते. दुसरा इलाज नाही."

"मंग आमचे फोटो?"

"ते तर जातात ना."

असा संवाद लहान गावांतच काय, शहरांतही नेहमी ऐकू येतो. फॉरमॅट करणे म्हणजे लिहिलेली पाटी पुसून पुन्हा कोरी करणे. पाटी पुसली की कुलूप जाते हे खरे, पण त्याबरोबर पाटीवरचे सगळेच जाते. मग खरोखरच दुसरा इलाज नसतो का? कधी असतो, कधी नसतो. तो आहे की नाही हे ज्या गोष्टीवरून ठरते, ती आज आपण समजावून घेऊ. कारण संगणकाला एक नव्हे, दोन निरनिराळ्या जातींची कुलपे असतात, आणि पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात.

आधी कारभारी कोण ते पाहू. जुन्या एकत्र कुटुंबात दहा माणसे राहत, पण कोठीच्या किल्ल्या एकाच्याच कमरेला असत. कोणाला काय द्यायचे, कोणती खोली कोणासाठी उघडायची हे तो ठरवी. संगणकातही तसेच असते. विंडोज, लिनक्स यांसारख्या ज्या कार्यप्रणाली संगणकाचा सगळा कारभार पाहतात, त्यांत प्रत्येक माणसाचे वेगळे खाते उघडता येते. त्यांतले निदान एक खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे कारभाऱ्याचे असते. नवी आज्ञावली बसवणे, दुसऱ्याचा पासवर्ड बदलणे, नवे खाते उघडणे ही कामे त्यालाच करता येतात. साध्या खात्याला ती करता येत नाहीत. म्हणूनच साध्या खात्याचा पासवर्ड विसरला तर काही बिघडत नाही. कारभारी तो बदलून देतो. कारभाऱ्याचाच विसरला, की घर अडते.

विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर याच नावाचे एक खाते जन्मापासून असते. विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिच्या घरगुती आवृत्तीत या खात्याला सहसा पासवर्डच नसे, आणि संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला की ते हळूच डोके वर काढी. त्या काळात संगणक शिकलेली मंडळी अजून हा उपाय सांगतात. पण त्यानंतर आलेल्या व्हिस्टापासून ते खाते मुळातच बंद करून ठेवलेले असते. तेव्हा तो दरवाजा आता विसरलेला बरा.

कुलूप खरेच लागले आहे का?

पासवर्ड चुकतो आहे असे दिसले, म्हणजे तो विसरला आहे असे लगेच धरून चालू नये. कॅप्स लॉकची कळ दाबलेली राहते. आकड्यांसाठी उजवीकडची कळपट्टी वापरताना नम लॉक बंद असतो. आणि आपल्याकडे आणखी एक खास कारण आहे. घरात कोणी मराठी टंकलेखन करत असेल तर कळफलक मराठीवर राहून जातो. मग बोटे इंग्रजी अक्षरांवर पडतात आणि संगणकाला मात्र मराठी अक्षरे पोचतात. पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्यामुळे आपल्याला याचा पत्ताच लागत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात कळफलकाची भाषा दिसते, तिच्याकडे नजर टाकावी. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचे लहान चित्र असते, ते दाबले की ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसतात. या साध्या तपासणीत कित्येक कुलपे आपोआप उघडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घाई करू नये. २०२२ साली विंडोज ११ ची जी सुधारित आवृत्ती आली, तिच्यापासून नव्याने बसवलेल्या संगणकावर दहा वेळा चूक झाली की खाते दहा मिनिटे बंद होते. त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्ड दिला तरी दार उघडत नाही! पुष्कळ लोक इथेच घाबरतात. चहा करून घ्यावा आणि मग पुन्हा बसावे.

हा दहा मिनिटांचा दंड कशासाठी असतो, त्याचे गणित करून पाहा. पासवर्ड आठ लहान इंग्रजी अक्षरांचा आहे असे धरू. प्रत्येक जागी २६ अक्षरांपैकी कोणतेही येऊ शकते, म्हणून एकूण शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. दहा प्रयत्नांना दहा मिनिटे, म्हणजे सरासरी मिनिटाला एक प्रयत्न. या वेगाने सगळ्या शक्यता संपवायला जवळजवळ चार लाख वर्षे लागतील. चार आकड्यांच्या संख्या मात्र दहा हजारच असतात. त्या याच वेगाने सात दिवसांत संपतात. जन्मसाल पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

संगणक आपल्याला सांगत का नाही?

आता मूळ शंकेकडे वळू. पासवर्ड बरोबर की चूक हे संगणकाला कळते. म्हणजे बरोबर पासवर्ड त्याला ठाऊक असणारच. मग तो त्याच्या पोटातून काढून घेता येणार नाही का?

याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. बरोबर पासवर्ड संगणकाला ठाऊक नसतो!

पूर्वी तो ठाऊक असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कोरबाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सोय केली. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून त्यांनी प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. किल्ल्यावरचे पहारेकरी रात्री विचारीत तसाच हा शब्द. सगळ्यांचे शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ साली तिथे एक विचित्र अपघात घडला. एक कारभारी ती यादी दुरुस्त करत होता आणि दुसरा त्याच वेळी रोजची सूचना लिहीत होता. त्या काळच्या संगणकाने दोघांच्या कच्च्या प्रतींना एकच नाव दिले आणि त्यांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी संगणकावर येई, त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून येऊ लागली!

जी वस्तू कोठीत ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी याच दशकात नेमका हा विचार केला. पासवर्ड साठवायचाच नाही. त्याच्यावर एक एकमार्गी क्रिया करायची आणि जे उरेल तेवढेच साठवायचे. त्यांचे सहकारी मॉरिस विल्क्स यांनी १९६८ साली आपल्या पुस्तकात ही कल्पना नोंदवली. आज या उरलेल्या संख्येला हॅश म्हणतात. बारीक चिरणे, तुकडे करणे असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे.

एकमार्गी क्रिया म्हणजे काय? ज्वारी दळून पीठ होते, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. पण नुसत्या उपमेवर थांबू नका, वही-पेन्सिल घ्या. तुमचा पासवर्ड ४८२ आहे असे समजा. त्याचा वर्ग करा : २,३२,३२४. त्याला ९७ ने भागा. भागाकार २,३९५ येतो आणि बाकी उरते ९. संगणकाने आपल्या वहीत फक्त हा ९ लिहून ठेवला. उद्या तुम्ही पुन्हा ४८२ टाकलेत की तो हेच गणित करणार, बाकी ९ आली की दार उघडणार. आता ती वही कोणी चोरली असे समजा. त्याला ९ मिळाला. त्यावरून ४८२ कसे काढणार? १०० चा वर्ग घेऊन ९७ ने भागले तरी ९ च उरतो. १९१ चेही तसेच, १९७ चेही तसेच. तीन अंकी संख्यांपैकी तब्बल १९ संख्या ९ वर येऊन थांबतात. त्यांतली तुमची कोणती, हे ९ या आकड्यात कुठेच लिहिलेले नाही.

तुमच्यातल्या चाणाक्ष वाचकांना एक दोषही दिसला असेल. चोराला ४८२ सापडण्याची गरजच नाही, १०० टाकूनही दार उघडेल! आपले गणित लहान आहे म्हणून असे होते. खरी हॅश फार मोठी असते. विंडोज आपल्या नोंदीत जी ठेवते ती १२८ बिटांची असते, म्हणजे तिच्या शक्यता ३९ अंकी संख्येइतक्या होतात. त्यामुळे दोन वेगळे पासवर्ड चुकून एकाच हॅशवर येण्याची काळजी करावी लागत नाही.

यातून निघणारी गोष्ट दुकानदारांनाही माहीत नसते, म्हणून ती इथे स्पष्ट सांगतो. विसरलेला पासवर्ड कोणी 'काढून देऊ' शकत नाही. संगणक बनवणारी कंपनीसुद्धा नाही. फार तर जुन्याच्या जागी नवा लावता येतो.

नवा लावायचा तर कसा? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, खाती दोन तऱ्हेची असतात. एक खाते कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर नोंदलेले असते आणि त्याला ई-मेलचा पत्ता लागतो. दुसरे फक्त त्या संगणकापुरते असते. पडद्यावर नावाखाली ई-मेल दिसत असेल तर ते पहिल्या तऱ्हेचे. मग काम सोपे आहे. खाते उघडताना जो मोबाइल क्रमांक किंवा दुसरा ई-मेल दिला होता त्याच्यावर सांकेतिक अंक मागवायचे आणि कोणत्याही मोबाइलवरून नवा पासवर्ड ठरवायचा. त्यानंतर घरच्या संगणकाला इंटरनेट जोडून द्यायचे, कारण पासवर्ड बदलल्याची बातमी त्याला त्याच वाटेने कळणार. आपल्या गोष्टीतल्या मोठ्या भावाला पासवर्ड आठवत नाही, पण त्याचा क्रमांक तोच असेल तर पुण्यात बसून तो हे पाच मिनिटांत करू शकतो. क्रमांक मधल्या काळात बदलला असेल तर मात्र पंचाईत. असे फार ठिकाणी होते.

खाते फक्त त्या संगणकापुरते असेल, तर २०१८ पासून विंडोज ते तयार करतानाच तीन गुप्त प्रश्न विचारून ठेवते. चुकीचा पासवर्ड टाकला की तेच प्रश्न पुन्हा विचारून नवा पासवर्ड लावण्याची वाट मिळते. कोणी दूरदृष्टीने पासवर्ड बदलण्याचा पेनड्राइव्ह आधी करून ठेवला असेल तर तोही चालतो. घरात दुसरे कारभारी खाते असेल तर सगळ्यांत उत्तम. यांपैकी काहीच नसेल, तर दाराने आत जाण्याचे मार्ग संपले.

दाराचे कुलूप आणि वहीचे कुलूप

आता आपण त्या दोन जातींच्या कुलपांपाशी येऊन पोचलो.

जुन्या कौलारू घराची आठवण करा. दाराला भले मोठे कुलूप आहे, पण वरची चार कौले बाजूला केली की माणूस आत उतरू शकतो. कुलूप दाराला असते, छपराला नसते. विंडोजचा पासवर्ड असाच दाराचा राखणदार आहे. विंडोज जागी असते तोवरच तो पहारा देतो. संगणक विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला तर विंडोज झोपलेलीच राहते. आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्सचीच एक आवृत्ती आहे. लिनक्सला डिस्कवरच्या फायली सरळ दिसतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी तेच. तेव्हा आपल्या गोष्टीतल्या वडिलांनी दुकानदाराला एवढेच म्हणायला हवे होते : "आधी डिस्कवरचे सगळे दुसरीकडे उतरवून दे, मग काय मारायचे ते मार." आजीचे फोटो उतरवून घेतल्यावर फॉरमॅट निरुपद्रवी आहे.

काही दुकानांत डिस्कवरची पासवर्डाची नोंदच पुसून टाकणारी आज्ञावली वापरतात. ती दार उघडते, पण एक नुकसान करते. विंडोजमध्ये काही फायली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे जुन्या पासवर्डाच्या आधाराने कुलूपबंद केलेले असतात. तो बाहेरून जबरदस्तीने उडवला की ते कायमचे बंद राहू शकतात. म्हणून आधी फायली उतरवणे आणि मग बाकीचे, हाच क्रम बरा.

पण छप्परच पक्के असेल तर? किंवा त्याहून अवघड, घरात शिरून वही हाती आली, आणि वहीतले अक्षरच लागेना तर?

वऱ्हाडातल्या वाचकांना याचे उदाहरण लांब शोधायला नको. अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सिद्धता इथेच केली. पुढे महानुभाव पंथातल्या मंडळींनी आपले ग्रंथ सकळ लिपी नावाच्या सांकेतिक लिपीत उतरवले. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरवलेले दुसरेच अक्षर लिहीत. पोथी कोणाच्याही हाती पडली तरी किल्ली ठाऊक नसणाऱ्याला ती निरर्थक दिसे. मराठीतले आद्य गद्य अशा रीतीने शतकानुशतके बाहेरच्यांना बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे मराठीचा हा ठेवा सगळ्यांसमोर आला.

अक्षराला अक्षर अशी अदलाबदल चिकाटीने उलगडता येते, कारण भाषेत काही अक्षरे फार वेळा येतात आणि काही क्वचित. कोणती खूण किती वेळा आली ते मोजत गेले की हळूहळू धागा सापडतो. आजचे संगणक डिस्कवरची माहिती ज्या पद्धतीने सांकेतिक करतात तिच्यात असा धागा ठेवलेला नाही. विंडोजमध्ये या सोयीला बिटलॉकर म्हणतात. तिची किल्ली १२८ बिटांची किंवा त्याहूनही मोठी असते. ती संगणकातल्या टीपीएम नावाच्या एका लहान चिपच्या ताब्यात असते. यंत्र नेहमीसारखे सुरू झाले तर चिप गुपचूप किल्ली देते आणि मालकाला कळतही नाही की आपली डिस्क सांकेतिक आहे. पण मदरबोर्ड बदलला, डिस्क काढून दुसरीकडे लावली किंवा काही मूळ जोडण्या बदलल्या, की चिप किल्ली देत नाही. मग निळ्या पडद्यावर ४८ आकडी संख्या मागितली जाते.

इथे लिनक्सचा पेनड्राइव्ह चालत नाही, दुकानदार चालत नाही आणि कंपनीचा इंजिनिअरही चालत नाही. ती संख्या कुठे नोंदलेली नसेल तर माहिती गेली. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्याने घेतलेल्या घरगुती संगणकांवरही हे कुलूप बहुधा आपोआपच लागते. सुदैवाने ते आपोआप लागते तेव्हा ४८ आकडी संख्येची एक प्रत ई-मेलच्या खात्यात जमा होते, आणि मोबाइलवरून ते खाते उघडून ती पाहता येते. निळ्या पडद्यावर एक छोटा ओळख-क्रमांकही असतो. खात्यात अनेक किल्ल्या असतील तर त्यावरून आपली कोणती ते कळते.

या संख्येचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळले. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीत एक सदोष बदल पाठवला गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकून पडले. भारतात, मुंबईच्या विमानतळावरही, कर्मचाऱ्यांना संगणक सोडून हाताने काम करावे लागले. दुरुस्ती तशी लहान होती. एक फाइल पुसायची. पण पुष्कळ ठिकाणी डिस्क सांकेतिक होत्या, म्हणून आधी त्या त्या संगणकाची ४८ आकडी संख्या शोधून हाताने टाकावी लागली. काही कार्यालयांत तर या संख्यांची यादी ज्या संगणकात ठेवली होती तोच बंद पडला होता!

किल्ली घराबाहेरही असावी हे सांगणारी आणखी एक हकिकत आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. तिच्या गटाकडे असलेला उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातला धक्काही त्यात अडकला. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, याच्या नोंदी कंपनीच्या सुमारे दीडशे संगणकांवर होत्या. ते एकमेकांच्या प्रती असल्यामुळे एक बिघडला तर दुसरा होता. पण त्या दिवशी सगळेच पुसले गेले. म्हणजे कारभारीच उरला नाही! शेवटी आफ्रिकेतल्या घाना देशात एक संगणक शाबूत सापडला. त्या दिवशी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटला होता. एरवी वीज गेली की आपण वैतागतो. या कंपनीला तिने वाचवले. घानाच्या कर्मचाऱ्याकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. तेव्हा त्याने ती डिस्क विमानाने नायजेरियात नेली, आणि तिथल्या सहकाऱ्याने ती पुढे लंडनला पोचवली.

एक सूचना द्यायलाच हवी. कौले काढून आत उतरण्याचा हक्क घरमालकालाच असतो. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या संगणकावर हे प्रयोग नकोत.

घरच्या संगणकावर मात्र एक काम आजच करण्यासारखे आहे. तो उघडा असतानाच आईवडिलांपैकी कोणाच्या तरी नावे दुसरे कारभारी खाते काढून घ्या. बिटलॉकर चालू असेल तर ती ४८ आकडी संख्या कागदावर उतरवा आणि कागद रेशनकार्डाबरोबर ठेवा. संगणकात ठेवू नका. कोठीची किल्ली कोठीत ठेवून कोणी कुलूप लावत नाही.

उतरवताना चूक झाली तर? ती पकडण्याची सोय त्या संख्येतच आहे. ४८ आकडे सहा-सहांच्या आठ गटांत लिहिलेले असतात, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. ११ ची कसोटी तुम्हाला शाळेत शिकवलेली आहे : आकडे आलटून पालटून मिळवायचे आणि वजा करायचे, उत्तर शून्य किंवा ११ ची पट आले की भाग जातो. ३१८४१७ हा गट घ्या. ३ − १ + ८ − ४ + १ − ७ = ०. बरोबर. आता घाईत कोणी १ आणि ८ यांची अदलाबदल केली आणि ३८१४१७ लिहिले, तर ३ − ८ + १ − ४ + १ − ७ = −१४. भाग जात नाही, चूक लगेच सापडली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटले, तर ही कसोटी दर वेळी चूक पकडते. का पकडते, ते बीजगणिताने सिद्ध करून पाहा.

आणि एक कोडे. प्रत्येक गट म्हणजे ० ते ६५,५३५ यांपैकी एका संख्येची ११ पट असते. खाली तीन गट दिले आहेत. त्यांतला एकच खरा असू शकतो. उरलेले दोन निरनिराळ्या कारणांनी खोटे आहेत. कोणते, आणि का?

५०७२८७, २६४१९३, ७३४५६९